कुंपणाच्या आत

१

माईंचा दिवस चहाने नाही, वाफ्यांनी सुरू व्हायचा. पायात रबरी चपला, हातात झारी, मागच्या दाराची कडी काढायची आणि चार वाफ्यांना एक फेरी घालायची. कोबी, गाजर, पालक आणि मांडवावर चढवलेला घेवडा. घराच्या मागे एवढीच बाग, पण माईंचा अर्धा जीव तिथे असायचा. उरलेला अर्धा घरात, पलंगावर पडून असलेल्या सुनेपाशी.

सुनेला सातवा महिना होता. आधी दोनदा पाळणा आणायचं ठरलं आणि दोनदा ते बोलणं घरात पुन्हा कुणी काढलं नाही. मुलगा जहाजावर नोकरीला, आठ-आठ महिने पाण्यावर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या खेपेला उठायचंसुद्धा नाही. माई म्हणाल्या होत्या, "नाही उठणार ती. मी आहे ना."

त्याच दिवसांत बागेत रानसशांनी उच्छाद मांडला. सशाने खाल्लेलं लगेच ओळखू येतं. देठ फाटत नाही, तिरपा कापला जातो, कुणी धारदार सुरीने एका झटक्यात उडवावा तसा. रोज सकाळी पाच-सहा कोवळी रोपं अशी तिरपी कापलेली सापडायची, जमिनीपासून चार बोटांवर. माईंचे यजमान चिडले. जन्मभर मोजणीखात्यात जमिनी मोजलेला माणूस. आपल्या हद्दीत कुणी न विचारता यावं हे त्यांना खपणारं नव्हतं. त्यांनी पिंजरा आणून लावला.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात एक सशीण होती. पोट टम्म फुगलेलं, श्वास असा चाललेला की अंगावरची लव थरथरत होती. माई तिच्यासमोर मातीत बसल्या. मग त्यांनी पिंजऱ्याचं दार उचललं आणि मातीच्याच हातांनी हात जोडून, मोठ्याने, देवाला म्हणाल्या, "या कुंपणाच्या आत जो कोणी भुकेला येईल, त्याला मी उपाशी घालवणार नाही. माझ्या घरात बाळ सुखरूप येऊ दे. त्याला पहिला दात येईपर्यंत हा माझा नेम."

ससा नाही म्हणाल्या त्या. जो कोणी म्हणाल्या. मन भरून आलं की माणूस शब्द मोजत बसत नाही.

सशीण सुटली तरी पळाली नाही. बसून राहिली, आणि माईंच्या खांद्यावरून मागे कुठेतरी पाहत राहिली. माईंनी वळून पाहिलं. मागे घेवड्याचा मांडव होता, दुसरं काही नाही.

२

नेमाचं यजमानांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आता सशांनीही नेम धरला असणार, पुढच्या जन्मी हीच सासू मिळू दे म्हणून."

"मिळू दे की. तुमच्यासारखा सासरा मिळाला नाही म्हणजे झालं."

पलंगावरून सून हसली. त्या घरात हसू ऐकू आलं म्हणून माईंना वाटलं, नेम लागू पडला.

गाजराची शेवटची ओळ त्यांनी पाहुण्यांसाठी सोडली. ससे येत, तेवढी ओळ खात आणि जात. बाकीच्या वाफ्यांना तोंड लावत नसत. सून पलंगाशेजारच्या खिडकीतून मोजायची, "आई, आज पाच आलेत. एकाचा कान फाटलाय." रस्त्यापलीकडे रोपं विकणारी बाई होती, तिला सगळे रोपवाली म्हणत. ती येता-जाता टोमणा मारायची, "माई, खानावळ काढलीत ती काढलीत, पाटी तरी लावा!"

पण यजमानांचं मन खात होतं. वाफ्यांभोवती कुंपण होतं ते बांबूचं, कंबरेएवढं. सशाने खालून उकरलं की झालं. एका दुकानात तारेच्या जाळीची गुंडाळी स्वस्तात मिळाली, आणि ते सुतळी, टेप, खुंट्या घेऊन उतरले. तीन दिवस घामाघूम होऊन त्यांनी जुनं कुंपण काढलं आणि नवं घातलं. जाळी हातभर खोल पुरली, तळाशी बाहेर वळवली, सशाला उकरायला वावच नको. पण एवढी मोठी गुंडाळी हाताशी असताना नुसत्या चार वाफ्यांना कशाला, असा त्यांनी विचार केला. खांब थेट पुढच्या फाटकापर्यंत नेले. बाग, अंगण, घर, सगळं एका रेषेत आत घेतलं.

"हे बघ," ते शेवटची तार पकडीने पिळत म्हणाले, "आता आपलं सगळंच कुंपणाच्या आत."

माईंच्या हातातली झारी का कोण जाणे जड झाली. त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चहा टाकते."

३

दुसऱ्या दिवशी ससे जाळीच्या बाहेर बसलेले होते. सहा जण, एका रांगेत, कान पाठीला चिकटवून. फाटकाशी एक मोठी फट होती, तिथून सहज येता आलं असतं. आलं कुणी नाही.

सशांची ओळ तशीच हिरवीगार होती. खाल्लेला होता घेवडा.

माई जवळ गेल्या. कोवळे शेंडे तिरपे कापलेले, तोच सुरीसारखा काप. फक्त तो जमिनीपासून चार बोटांवर नव्हता. माईंनी मांडवाशी उभं राहून पाहिलं, तर काप त्यांच्या छातीच्या उंचीवर होते.

"सशाला स्टूल दिलंस की काय?" यजमान म्हणाले. त्यांनी टेप लावून उंची मोजली, कारण मोजल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मग टेप परत गुंडाळताना म्हणाले, "खार असेल. मांडवावर चढून खाते."

माईंनी मान हलवली. खारच असणार. खारीचे दात कुरतडतात, तिरपं कापत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण खारीही शहाण्या होतच असतील की. जो आला तो भुकेला होता, एवढं खरं. हात जोडून त्या घरात गेल्या.

बाहेरच्या सहापैकी एकाने मागचा पाय जमिनीवर आपटला. धप्. मग दुसऱ्याने. माईंना पुस्तकात वाचलेलं आठवलं, की ससे असं एकमेकांना सावध करायला करतात.

४

बाळ सुखरूप आलं. मुलगी. तिचा रडण्याचा आवाज दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू आला आणि यजमान तिथेच पायरीवर बसून रडले, आणि मग सगळ्यांना सांगत सुटले की डोळ्यांत धूळ गेली. जहाजावर फोन लागला तेव्हा मुलाने बाळाचं रडणं दोनदा ऐकवायला लावलं. माईंनी देवाला एवढंच म्हटलं, "माझ्याकडून काही कमी पडणार नाही."

घरी आल्यावर बाळाच्या मऊ हिरड्यांवरून रोज सकाळी बोट फिरवायचं, हा त्यांचा नवा नेम झाला. सून चिडवायची, "आई, दहा दिवसांच्या बाळाला दात शोधताय?"

आणि घरात एकेक गोष्ट कमी होत होती. आधी पायरीवरच्या कुंडीतली फुलझाडं. मग मागच्या दाराशी टेकवलेल्या झाडूची टोकं, सगळी सारखी, तिरपी. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्यात ठेवलेली वेल. मग दाराच्या चौकटीचं लाकूड, आतल्या बाजूने. रोज थोडंसं, पोटापुरतं. माईंना त्यातली अदब कळत होती. तीच त्यांना सहन होत नव्हती. उंदीर नासधूस करतो. हे कुणीतरी वाढलेलं जेवत होतं.

दुपारी घर निजलं की आवाज यायचा. कच्चं गाजर कुणी सावकाश, तोंड मिटून खावं तसा. कोठीच्या खोलीतून. माई उठून दाराशी गेल्या की थांबायचा. तिथे डबे, जुनी पेटी, छत्र्या. कुणी नाही. त्या परत येऊन पडल्या की पुन्हा, कुरुम. कुरुम.

"अहो, ऐकू येतंय का?"

"काय?"

"काही नाही. झोपा."

नेम तो नेम. माईंनी कोठीच्या दारात वाडग्यात गाजराचे काप ठेवले. चार दिवस वाडगं लखलखीत रिकामं झालं. पाचव्या दिवशी एकही काप हलला नव्हता. वाडगं तेवढं थोडं पुढे सरकवलेलं होतं, नको असलेलं ताट सरकवावं तसं. ते बाळाच्या खोलीच्या दिशेने सरकलं होतं.

५

पाळण्याच्या कठड्यावर पहिला काप दिसला तेव्हा बाळ अडीच महिन्यांचं होतं. त्यानंतर दुलईची झालर गेली. मग एका सकाळी सुनेने हाक मारली, "आई, हिच्या कपाळावरची बट तुम्ही कापलीत का?"

माई आत गेल्या. बाळ हातपाय हलवत हसत होतं. काल कपाळावर मऊ केसांची एक बट होती, ती आज नव्हती. राहिलेले केस तिरपे होते.

"हो," माई म्हणाल्या. "डोळ्यांत जात होती."

"मला सांगायचं तरी. मी जपून ठेवली असती."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई हे बोलून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याची कड धरून उभी राहिली. सुनेला काय सांगायचं? दोनदा जिने रिकाम्या हाताने घर गाठलं, तिला सांगायचं की तुझ्या लेकीच्या केसांना कुणीतरी तोंड लावतंय? आणि कुणी? माईंनी स्वतःलाच दटावलं. झोप पुरी होत नाही. वय झालं. त्या तशाच रोपवालीकडे गेल्या, उंदराचं औषध मागायला नाही, नुसतं कुणाशी तरी बोलायला.

रोपवाली कुंड्यांत माती भरत होती. "काय हो माई, तोंड का असं? पाहुणे फार जेवतात वाटतं?"

"घरात येऊन खायला लागलेत."

"मग येणारच." तिने हात झटकले. "तुमच्या साहेबांना तेव्हाच सांगणार होते मी. कुंपण वाफ्याला घालतात. घराला कोण घालतं? घरातलं काय पीक खायला येणार आहे कुणी?"

माई तिथून निघाल्या. रस्ता ओलांडताना मोटारीचा भोंगा वाजला तो त्यांना ऐकूच आला नाही. या कुंपणाच्या आत जो कोणी भुकेला येईल. आपलेच शब्द, आपल्याच तोंडचे. तेव्हा कुंपणाच्या आत कोबी होता, गाजर होतं. आता कुंपणाच्या आत बाळ होतं.

६

त्या घरी आल्या त्या थेट पकड घेऊन जाळीपाशी. भर दुपारी एकट्याच तारा सोडवत बसल्या. पिळलेली तार सुटताना बोटांत घुसायची. यजमान धावत बाहेर आले.

"अगं, वेड लागलं का तुला? तीन दिवस घाम गाळलाय मी त्याच्यात!"

"जुन्या जागी घाला. वाफ्यांभोवती. घर बाहेर ठेवा."

"पण का?"

माईंनी वर पाहिलं. "मी नेम बोलले तेव्हा कुंपण तिथे होतं," एवढंच म्हणाल्या.

यजमानांना काही कळलं नसावं. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माईंच्या हाताला रक्त लागलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते आत गेले, टेप आणि सुतळी घेऊन आले आणि उकिडवे बसत म्हणाले, "जुनी हद्द मला पाठ आहे. आण ती पकड इकडे."

दोन दिवस लागले. पुन्हा चार वाफ्यांभोवती कुंपण उभं राहिलं, एका छोट्या फाटकासकट. शेवटची तार पिळताना घरातून सुनेचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्या दुपारपासून कोठीतला आवाज थांबला. पाळण्याला नवा काप पडला नाही. बाळाची बट परत वाढू लागली.

वाफ्यांत मात्र रोज खाल्लेलं असायचं. छातीच्या उंचीवर. माई रोज पाणी घालत, नवी रोपं लावत, फाटक नीट लावून घेत. देणं होतं ते देत होत्या. आणि ससे आता घराच्या पायरीपर्यंत येऊन बिनधास्त चरत, तोंडं नेहमी वाफ्यांकडे करून.

सुनेला त्यांनी फक्त एवढं सांगितलं, "तिकडे वाफ्यांकडे बाळाला नेऊ नकोस हं. चिखल असतो." जरा जास्त सांगायला हवं होतं. पण भीती घालायची नाही म्हणून त्यांनी चिखल पुढे केला.

७

बाळाला पाच महिने पुरे झाले त्या आठवड्यात ऊन पडलं, लख्ख. सगळीकडची माती खडखडीत वाळली. माई खताची पिशवी आणायला रोपवालीकडे गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर पाळणा रिकामा.

"बाळ कुठाय?"

"उन्हात ठेवलंय, आई," सून कपडे वाळत घालत म्हणाली. "सकाळचं ऊन तिथेच असतं, घेवड्यापाशी. टोपलीत मजेत खेळतेय. चिखल वाळलाय सगळा. आणि कुंपण आहे ना, ससेबिसे काही येत नाहीत आत. मी बघतेय इथून."

मागच्या अंगणात सहा ससे मागच्या पायांवर उभे होते. धप्. धप्. धप्. सगळे मिळून.

माई धावल्या नाहीत. धावलं तर काहीतरी ठरून जाईल असं त्यांना वाटलं. कुणाच्या घरी जावं तशा त्या चालत गेल्या, फाटक उघडलं, आत गेल्या आणि फाटक मागे लावून घेतलं.

टोपली मांडवाच्या सावलीच्या कडेला होती. बाळ मुठी चोखत होतं. वारा नव्हता. घेवड्याच्या पानांची हालचाल मात्र चालली होती, मागच्या कोपऱ्यातून पुढे, एकेक पान दिसेनासं होत. कुरुम. कुरुम. मग ते थांबलं, टोपलीपासून हातभर अंतरावर.

माई बाळाशेजारी गुडघ्यांवर बसल्या. नजर पानांवरून काढायची त्यांची हिंमत होईना. पानांत एक जागा होती, माईंच्या तोंडासमोर, तिथे हिरव्याच्या मागे हिरवं नव्हतं. एक ओठ होता. मधोमध चिरलेला, ओला, सारखा बारीक हलणारा. तो घाई करत नव्हता. वाढप्याची वाट पाहत होता.

"देवा," माई पुटपुटल्या. आणि नजर न हलवता डावा हात टोपलीत घातला, दुलईतून चाचपत तोंड शोधलं, रोजच्या सवयीने करंगळी आत सरकवली.

काहीतरी टोचलं. टणक, धारदार, इवलंसं.

दात!

माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पहिला दात. पाचव्या महिन्यातच! त्यांनी मान ताठ केली आणि पानांकडे पाहून, पाहुण्याला निरोप द्यावा तशा शांतपणे म्हणाल्या, "माझा नेम पुरा झाला. बाळाला दात आला. आता या कुंपणात तुमचं काही नाही. या आता तुम्ही."

ओठ हलायचा थांबला. पानं एकदा मागे गेली, कोपऱ्यापर्यंत, आणि स्थिर झाली. बाहेर ससे खाली बसले. एक जण चरायला लागला.

८

माई बाळाला छातीशी धरून स्वयंपाकघरात आल्या. हसत होत्या, रडत होत्या. "अहो! अगं सूनबाई! दात आला! बघा तरी!"

सून हात पुसत आली. तिने बाळाचा ओठ हळूच खाली ओढला. मग वरचा. बोट फिरवलं. बाळ खिदळलं, गुलाबी, गुळगुळीत तोंड सगळं उघडून.

"कुठे, आई? काहीच नाही." आणि मग तिचा आवाज चढला. "आई! रक्त! हे कुठलं रक्त?"

दुलईवर होतं. माईंच्या साडीवर होतं. माईंनी डावा हात वर केला. करंगळीचं टोक नव्हतं. दुखत नव्हतं अजून. काप स्वच्छ होता, तिरपा, कुणी धारदार सुरीने एका झटक्यात उडवावा तसा.

यजमान कापूस घेऊन धावले. "फाटकाच्या तारेत सापडलं का बोट? किती वेळा सांगितलं, ती तार..." सून बाळाला घट्ट धरून भिंतीशी उभी होती. माईंनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. बट कपाळावर होती. दहाही बोटं होती. एकही ओरखडा नव्हता.

मग त्यांना कळलं, टोपलीत बोटाला लागलेला दात कुणाचा होता, आणि ते का गेलं. नेम पुरा झाला म्हणून नाही. ते उपाशी गेलं नव्हतं.

"हो," त्या यजमानांना म्हणाल्या, "तारच लागली. बाळाला आता बाहेर न्यायचं नाही, सूनबाई. मी सांगेपर्यंत नाही. माझी शपथ आहे."

"का, आई?"

"दात येऊ दे मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी रबरी चपला घातल्या. बाळाच्या हिरड्यांवरून उजव्या हाताचं बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. दात यायला अजून महिना, फार तर दीड महिना. आणि देव दयाळू आहे, लवकरही येईल. मागच्या दाराची कडी काढून त्या बाहेर आल्या. ससे कान टवकारून बाजूला झाले, त्यांना वाट दिली. माईंनी झारी खाली ठेवली. पट्टी बांधलेला डावा हात पदरात घेतला, आपली शाबूत नऊ बोटं एकदा डोळ्यांखालून घातली, आणि कुंपणाच्या आत शिरून फाटक आतून लावून घेतलं.